फिल्म आणि डिजिटल: उजेडाचे दोन उलटे नियम आणि रंगांतला फरक

रोलच्या जमान्यात फोटोग्राफी शिकलेल्या माणसाला एक नियम पाठ असायचा. कलर निगेटिव्हवर फोटो काढताना सावलीतला भाग बघून एक्स्पोजर ठरवायचे आणि शंका आली तर उजेड थोडा जास्तच द्यायचा. आज डिजिटल कॅमेरा हातात घेणाऱ्याला नेमके याच्या उलट सांगितले जाते. आधी सर्वांत उजळ भाग सांभाळा, फोटो जरा काळसर आला तरी चालेल. गंमत म्हणजे दोन्ही नियम बरोबर आहेत. फिल्म चांगली की डिजिटल, या न संपणाऱ्या वादातला बराचसा भाग या एका उलटेपणातून समजतो.

एक नेहमीचे दृश्य घेऊ. भर दुपारी मांडवाच्या तोंडाशी नवरी उभी आहे. पिवळी नऊवारी, जरीचे काठ, हातात झेंडूचा हार. तिच्यावर थेट ऊन पडले आहे आणि पाठीमागे मांडवात बसलेली माणसे सावलीत आहेत. जरीचा धागाही दिसला पाहिजे आणि मागच्या आजींचा चेहराही. आपल्या डोळ्यांना यात काही अडचण येत नाही. कॅमेऱ्याला मात्र येते, आणि फिल्मची अडचण एका टोकाला असते, डिजिटलची दुसऱ्या.

फिल्म अंधारात हरते

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्यात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक. शटर उघडल्यावर एखाद्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडला, तर त्यात चांदीच्या मोजक्या अणूंचा एक अगदी लहान पुंजका तयार होतो. डोळ्यांना तेव्हा काहीच दिसत नाही. रोल धुवायला टाकला की डेव्हलपरचे रसायन तो पुंजका हेरते आणि तो अख्खा स्फटिक चांदीत बदलून टाकते. ज्यात पुंजका तयारच झाला नाही, तो स्फटिक पुढच्या रसायनात धुऊन जातो.

स्फटिक सगळे सारखे नसतात. मोठे स्फटिक थोड्या उजेडात जागे होतात, लहानांना जास्त उजेड लागतो. त्यामुळे प्रकाश वाढत गेला की आधी मोठे संपतात, मग मधले आणि शेवटी हळूहळू लहान. उजेड दुप्पट झाला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. वर जाता जाता वाढ मंदावते. इंग्लंडमध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये हा संबंध आलेखावर मांडला. तो आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो आणि त्याच्या वरच्या वळणाला फोटोग्राफर आजही ‘शोल्डर’ म्हणतात.

आपल्या नवरीच्या जरीला वाचवते ते हे वळण. उन्हात चमकणारी जर निगेटिव्हवर काळीकुट्ट दिसते, पण त्या काळ्यातही छटा शिल्लक असतात. प्रिंट काढताना लॅबवाल्याने त्या भागाला जास्त वेळ उजेड दिला की धागे कागदावर उतरतात. कलर निगेटिव्हला दोन-तीन स्टॉप जास्त उजेड मिळाला, म्हणजे चौपट ते आठपट, तरी प्रिंट बहुधा बरी येते.

मांडवातल्या आजींचे काय? पुंजका तयार होण्यासाठी लागणारा किमान उजेडच मिळाला नाही, तर निगेटिव्हचा तो भाग कोरा राहतो. कोऱ्या फिल्ममधून कोणताही कारागीर चेहरा काढून दाखवू शकत नाही. म्हणून ‘सावलीसाठी मोजा’.

याला एक ठळक अपवाद होता, स्लाइड फिल्मचा. तिच्यात निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातली फिल्मच अंतिम चित्र असते. उजेड जास्त झाला की तो भाग पारदर्शक होऊन जातो आणि तिथले काही परत मिळत नाही. मुंबईवर पुस्तक करणारे रघुबीर सिंह यांच्यासारखे भारताचे रंग टिपणारे छायाचित्रकार कोडाक्रोम या स्लाइड फिल्मवर काम करत. अर्ध्या स्टॉपची चूकही तिच्यात दिसून येई. त्या शिस्तीत वाढलेल्यांना पुढे डिजिटलचा नियम फारसा परका वाटला नाही.

डिजिटल उजेडात हरते

डिजिटल सेन्सर सिलिकॉनचा असतो. प्रकाशाचा कण त्यावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्या ठिकाणच्या लहानशा कप्प्यात साठतो. शटर बंद झाल्यावर प्रत्येक कप्प्यातले इलेक्ट्रॉन मोजायचे, म्हणजे झाला फोटो. पावसात पागोळ्यांखाली ओळीने बादल्या मांडून ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. दुप्पट पाऊस पडला तर दुप्पट पाणी. हिशेब सरळ, कुठेही वळण नाही.

पण बादली भरली की भरली. त्यानंतर पडलेले पाणी बाहेर वाहून जाते आणि किती वाहून गेले याची कुठेही नोंद राहत नाही. जरीचा चमकता धागा आणि त्याच्या शेजारचा किंचित कमी चमकता धागा, दोघांच्याही बादल्या काठोकाठ भरल्या तर फोटोत दोन्ही सारखेच पांढरे. संगणकावर तो भाग कितीही काळा केला तरी पांढऱ्याचा राखाडी होईल, धागा मिळणार नाही.

अंधाराकडे मात्र सिलिकॉनची बाजू भक्कम आहे. बादलीच्या तळाशी चार थेंब असले तरी ते मोजता येतात. आजच्या चांगल्या सेन्सरवर मांडवातला अंधार तीन-चार स्टॉप वर उचलला तरी आजींचा चेहरा निघतो. थोडी रवाळ खरखर दिसेल, पण चेहरा असेल. म्हणून डिजिटलमध्ये उजळ भाग सांभाळायचा आणि अंधार नंतर उचलायचा. मात्र हे ‘नंतर उचलणे’ रॉ फाइल असेल तरच खऱ्या अर्थाने जमते. रॉ फाइलमध्ये प्रत्येक कप्प्याची नोंद बहुधा १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत असते. नेहमीच्या जेपीजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या मिळतात. ती ताणली की आकाशात पट्टे उमटतात.

आता झेंडूच्या हाराकडे वळू. नवख्या माणसाला सर्वांत जास्त चकवतो तो हाच. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकारच्या बादल्या असतात आणि केशरी झेंडू उन्हात लाल बादली सर्वांत आधी भरतो. हिरवी अजून भरत असते, निळी जवळजवळ रिकामी. एकूण फोटो व्यवस्थित उजेडाचा वाटतो, मीटरही तसेच सांगतो. पण लाल थांबून हिरवे वाढत राहिल्यामुळे दोघांचे प्रमाण बिघडते आणि केशरी फूल पिवळे होते. शिवाय पाकळ्यांमधल्या सावल्या जाऊन त्याचा एक सपाट गोळा बनतो. हळदीच्या समारंभाचे, गुलालाने भरलेल्या मिरवणुकीचे, निळ्या एलईडी दिव्यांखालच्या ऑर्केस्ट्राचे फोटो बिघडतात ते बहुतेक असेच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दाखवण्याची सोय असेल, तर अशा वेळी ती चालू करावी. एकत्रित हिस्टोग्राम ही चूक लपवतो.

फिल्मवरही भडक रंग बिघडतात. फक्त तिथे तिन्ही थर आपापल्या वळणाने हळूहळू थकतात. त्यामुळे रंग अचानक तुटत नाही, फिका होत जातो. ज्याला लोक ‘फिल्मचा मऊपणा’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा या सावकाश थकण्याचा आहे.

रंग कोण ठरवतो?

फिल्मचे रंग ‘खरे’ आणि डिजिटलचे ‘बनावट’ असे अनेकदा ऐकू येते. यात फारसे तथ्य नाही. दोन्हीकडचे रंग माणसांनीच ठरवलेले असतात. फरक इतकाच, की फिल्मच्या बाबतीत तो निर्णय बराचसा आधीच, कारखान्यात झालेला असतो.

कलर फिल्ममध्ये एकावर एक थर असतात. सर्वांत वर निळा प्रकाश टिपणारा, त्याखाली उरलासुरला निळा अडवणारी पिवळी गाळणी, मग हिरवा टिपणारा आणि तळाशी लाल टिपणारा थर. डेव्हलपिंगमध्ये या थरांत अनुक्रमे पिवळे, मॅजेंटा आणि सायन रंगद्रव्य तयार होते आणि चांदी काढून टाकली जाते. म्हणजे घरातल्या कलर निगेटिव्हमध्ये चांदी उरलेलीच नसते, असतात ती फक्त रंगद्रव्ये. ती पूर्ण शुद्ध नसतात. मॅजेंटाने फक्त हिरवा शोषायचा असतो, पण तो थोडा निळाही शोषतो. ही चूक भरून काढण्यासाठी निगेटिव्हमध्ये मुद्दाम नारिंगी झाक ठेवलेली असते. निगेटिव्ह उजेडासमोर धरल्यावर दिसणारा तो नारिंगी रंग म्हणजे मळ किंवा जुनेपणा नव्हे.

कोणते रंगद्रव्य, किती आणि कुठल्या थरात, याच्या निवडीतून प्रत्येक फिल्मचा स्वभाव बनतो. १९९० मध्ये आलेली फुजीची व्हेल्व्हिया हिरवळ आणि आकाश भडक दाखवते. निसर्गचित्रे काढणाऱ्यांची ती लाडकी, पण माणसांचे चेहरे तिच्यावर तांबूस येतात. १९९८ मधली कोडॅकची पोर्ट्रा तिच्या उलट, त्वचेसाठी शांत ठेवलेली. रोल निवडला की रंग निवडला. ३६ फोटो संपेपर्यंत मत बदलता येत नसे.

लॅब हा यातला दुसरा निर्णय घेणारा. प्रभात फिल्म कंपनीने याची किंमत फार लवकर मोजली. व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला. त्या वेळची ती पद्धत दोनच रंगांवर चालणारी होती आणि चित्रपटाचे धुण्या-छापण्याचे काम जर्मनीत झाले. सेटवर काय दिसत होते आणि पडद्यावर काय येणार, याचा ताळमेळ कोल्हापुरात बसून लावणे शक्यच नव्हते. रंग मनासारखे आले नाहीत आणि भारतातला पहिला रंगीत चित्रपट म्हणून देशातच प्रक्रिया झालेल्या १९३७ च्या ‘किसान कन्या’चे नाव घेतले जाते.

डिजिटल सेन्सरचे तर त्याहून वेगळे आहे. तो मुळात रंगांधळा असतो. प्रकाश किती आला एवढेच त्याला कळते, कुठल्या रंगाचा ते नाही. म्हणून प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची बारीक काच बसवतात. कोडॅकमधले ब्राइस बायर यांनी ही मांडणी सुचवली, तिचे पेटंट १९७६ चे. आपला डोळा हिरव्या भागातला तपशील जास्त टिपतो, म्हणून निम्मे कप्पे हिरवे आणि उरलेल्यांत लाल-निळे अर्धे-अर्धे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लाल फक्त ६० लाख ठिकाणी मोजला जातो. बाकीच्या ठिकाणी तो शेजारच्या कप्प्यांवरून अंदाजाने भरला जातो. ही युक्तीही तशी जुनीच. ल्यूमिए बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचांवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण पसरून हेच साधले होते. १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्यांचे चित्रपट दाखवले गेले, तेच हे ल्यूमिए.

कप्प्यांतल्या आकड्यांचा रंग कसा करायचा, हे मग कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर ठरवते. एकाच नवरीचा फोटो दोन कंपन्यांच्या फोनवर वेगळा दिसतो, त्याचे मुख्य कारण हे सॉफ्टवेअर. सेन्सर तर कधी कधी दोन्हीकडे एकाच कारखान्यातला असतो. सिलिकॉनला माणसाला न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो, म्हणून तो अडवणारी काच लागते. २००६ च्या लायका एम-८ या महागड्या कॅमेऱ्यात ती काच अगदी पातळ ठेवली होती, तर काळे कृत्रिम कापड जांभळट यायला लागले. शेवटी कंपनीला ग्राहकांना वेगळे फिल्टर द्यावे लागले.

सावळ्या चेहऱ्यांचा प्रश्न

रंग आधीच ठरलेले असतात याचा सर्वांत टोचणारा परिणाम त्वचेवर झाला. प्रिंटिंग मशीनचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक लॅबना एक नमुना-फोटो पाठवत असे. त्यावर गोऱ्या कातडीची एक तरुणी असायची. अशा कार्डांना पुढे ‘शर्ली कार्ड’ हेच नाव पडले. तिचा चेहरा नीट आला की मशीन नीट लागले असे मानायचे. सावळा किंवा काळा चेहरा त्या मोजमापात कुठेच नव्हता. गडद चॉकलेट आणि गडद लाकडी फर्निचर यांच्या छटा नीट येत नाहीत, अशी त्या उत्पादकांची तक्रार आल्यावर तपकिरी छटांकडे जास्त लक्ष गेले, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड यायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

डिजिटलमध्ये हा प्रश्न संपला असे नाही. तो कार्डावरून सॉफ्टवेअरमध्ये गेला. अनेक फोन चेहरा ओळखून तो परस्पर उजळ करतात. सावळी माणसे त्यात राखेसारखी फिकट दिसतात. गुगलने २०२१ मध्ये आपल्या फोनमध्ये ‘रिअल टोन’ नावाने गडद त्वचेसाठी वेगळी जुळवणी आणली. म्हणजे तोवरची जुळवणी कमी पडत होती, हे कबूलच झाले. डिजिटलचा फायदा एवढा, की रॉ फाइल हाताशी असेल तर मशीनचा निर्णय बदलून चेहऱ्याचा मूळ वर्ण परत आणता येतो.

ट्यूबलाइटचा हिरवा, बल्बचा पिवळा

जुन्या अल्बममध्ये घरातले, फ्लॅशशिवाय काढलेले फोटो हिरवट किंवा पिवळट दिसतात. साधी फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, सुमारे ५,५०० केल्विनसाठी बनवलेली असते. बल्बचा प्रकाश त्यापेक्षा खूप पिवळा-तांबडा असतो आणि जुन्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेमुळे हिरव्याचा एक टोकदार वाटा असतो. आपला मेंदू याची सवय करून घेतो आणि भिंत पांढरीच दिसते. फिल्मला मेंदू नाही. त्यावर उपाय म्हणजे लेन्ससमोर रंगीत फिल्टर लावणे, बल्बसाठी बनवलेली वेगळी फिल्म वापरणे किंवा लॅबवाल्याच्या भरवशावर राहणे.

डिजिटलमध्ये व्हाइट बॅलन्सचा एक आकडा बदलला की हे काम होते, तेही फोटो काढल्यानंतर. या एका बाबतीत तरी डिजिटल निर्विवाद पुढे आहे. फक्त एकाच खोलीत खिडकीचा निळसर उजेड, ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी असे तीन दिवे असतील, तर एका आकड्याने तिन्ही दुरुस्त होत नाहीत. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात लाल रंगाचा काही भाग मुळातच कमी असतो. जो प्रकाश कुंकवावर पडलाच नाही, तो कॅमेरा कुठून आणणार?

अगदी कमी उजेडातही स्पर्धा उरलेली नाही. फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशकणांपैकी फार थोडे कामी येतात, सिलिकॉनमध्ये निम्म्याहून जास्त. खगोलशास्त्रज्ञांनी हे सर्वांत आधी ओळखले आणि १९८० च्या दशकात फोटोच्या काचा सोडून सीसीडी सेन्सर धरले. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवलीची दोन मीटरची दुर्बीणही सीसीडीवरच काम करते. शिवाय एक्स्पोजर काही सेकंदांच्या पुढे गेले की फिल्म सुस्तावते, तिन्ही थर वेगवेगळ्या प्रमाणात. त्यामुळे रात्रीच्या फोटोंचे रंगही सरकतात.

मग ‘फिल्म लुक’ म्हणजे काय?

आज इन्स्टाग्रामवर दिसणारे फिल्मचे फोटो स्कॅन केलेले असतात. म्हणजे शेवटचा टप्पा डिजिटलच. फुजीचे फ्रंटियर हे मिनीलॅब मशीन १९९६ मध्ये आले. ते निगेटिव्ह स्कॅन करून लेझरने कागदावर छापायचे. फिल्मचे म्हणून ओळखले जाणारे गोडसर रंग बऱ्याचदा अशा मशीनचे आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या नजरेचे असतात. एकच निगेटिव्ह दोन लॅबमध्ये स्कॅन करून पाहिले तर फरक लगेच कळतो.

चित्रपटवाल्यांनी तर दोन्हींची सरमिसळ केली आहे. २०२१ चा ‘ड्यून’ डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित झाला, मग फिल्मवर उतरवला गेला आणि तिथून पुन्हा स्कॅन झाला. अंधार सेन्सरने टिपायचा आणि उजळ भागाचा मऊपणा व रवाळपणा फिल्मकडून घ्यायचा, असा हा लांबचा पण विचारपूर्वक प्रवास. छायांकनाचे ऑस्कर त्यालाच मिळाले. दुसरीकडे, २०२३ च्या ‘ओपनहायमर’साठी कोडॅकने ६५ मिमीची कृष्णधवल फिल्म खास बनवून दिली.

घरातल्या जुन्या फोटोंसाठी मात्र यातला एक मुद्दा तातडीचा आहे. १९७० च्या दशकातल्या अनेक कलर प्रिंट आता लालसर झाल्या आहेत, कारण बंद अल्बममध्येही त्यांतला सायन रंग इतरांच्या आधी उतरतो. कृष्णधवल प्रिंटमध्ये चांदी असते, त्यामुळे आजोबांचा कृष्णधवल फोटो बाबांच्या रंगीत फोटोपेक्षा ताजा दिसू शकतो. प्रिंटवर जे नाही ते निगेटिव्हवर बहुधा अजून आहे. जरीचे धागेही तिथेच आहेत. निगेटिव्हचे रंगही उतरतात, पण तीन थर वेगवेगळे स्कॅन करून ते पुष्कळ प्रमाणात सावरता येतात. बुरशीने खाल्लेले जिलेटिन मात्र सावरता येत नाही. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यातही ते होऊ शकते. त्यामुळे स्टुडिओच्या पाकिटात, प्रिंटच्या मागे दुमडून ठेवलेल्या त्या नारिंगी पट्ट्या आधी बाहेर काढाव्यात, कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवाव्यात आणि स्कॅन करायला देताना प्रिंटऐवजी त्याच द्याव्यात. स्कॅन १६ बिटांच्या टिफ फाइलमध्ये मागावे, आणि स्कॅन झाल्यावरही निगेटिव्ह टाकून देऊ नयेत.